निरोगी शिकवण

‘फादर, सिद्धांत, धर्मतत्त्वे हे सारे तुम्हां धर्मगुरूंसाठी. आम्हां प्रपंचातल्या माणसांना प्रभूवर प्रेम करता आले आणि शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जाता आले, म्हणजे पुरे.’ धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देत असताना हे वाक्य आम्हांला वारंवार ऐकावयास मिळते. बोलणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो आणि त्याच्या म्हणण्यात तथ्यही असते. अंतिम न्यायाविषयी बोलताना प्रभू येशूने भुकेल्याला दिलेले अन्न आणि आजाऱ्याची घेतलेली भेट यांचाच हिशेब विचारला आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु ज्या प्रभूवर प्रेम करावयाचे तो कोण, हा प्रश्न त्या साध्या वाक्यातच दडलेला आहे. मुलीचे लग्न जमविताना आपण मुलाचे घराणे, स्वभाव, संगत सारे काही विचारतो. ‘माणूस कसा का असेना, प्रेम असले म्हणजे झाले’ असे कोणताही शहाणा बाप म्हणत नाही. मग ज्याच्या हाती आपले जगणे आणि मरणे सोपवावयाचे, त्याच्याविषयी आपण एवढे निष्काळजी का असावे?

संत पौलाने तिमथी आणि तीत या आपल्या तरुण सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. मराठी बायबलमध्ये त्याचे भाषांतर ‘सुशिक्षण’ असे केलेले आढळते. मूळ ग्रीक शब्द मात्र शाळेतला नसून दवाखान्यातला आहे. ‘निरोगी असणे, प्रकृती धड असणे’ असा त्याचा अर्थ असून आज आपण स्वच्छतेसाठी वापरतो तो ‘हायजीन’ हा इंग्रजी शब्द त्याच मुळापासून आला आहे. सेमिनरीत ईशज्ञानाचा अभ्यास करीत असताना ही व्युत्पत्ती प्रथम आमच्या कानांवर पडली, तेव्हा ती परीक्षेपुरती टिपून घेण्याची गोष्ट वाटली होती. पुढे तीस वर्षे लोकांमध्ये वावरल्यावर तिचे मोल कळले. पौलाच्या लेखी शिकवण ही पाठांतराची वस्तू नव्हती. जिच्यामुळे माणसाचे आध्यात्मिक जीवन धडधाकट राहते, ती खरी शिकवण. आणि विपरीत शिकवणीला त्याने दिलेली उपमाही वैद्यकातलीच आहे. ती काळपुळीसारखी असते. आज एवढीशी दिसते आणि उद्या सारे अंग सडवते.

वसईच्या वाडीत वाढलेल्या वाचकांना आम्ही हीच गोष्ट दुसऱ्या दृष्टांताने सांगू. आपल्या किनारपट्टीवरील कितीतरी विहिरींचे पाणी गेल्या काही दशकांत मचूळ झाले. गोडे पाणी उपसावे तेवढे उपसले आणि रिकाम्या जागी समुद्राचे पाणी हळूहळू आत सरकले. हे एका रात्रीत घडले नाही. पाणी दिसावयास पूर्वीसारखेच स्वच्छ होते. प्रथम केळीच्या पानांच्या कडा करपल्या, मग पानवेल सुकू लागली आणि शेवटी घरातल्या माणसाने घोट घेऊन तोंड वाकडे केले. शिकवणीचेही असेच होते. तिच्यात खारेपणा शिरला की तो आधी दिसत नाही. गीते तीच असतात, प्रार्थनेचे शब्दही तेच असतात. पण संकटाचा उन्हाळा आला की पाने करपू लागतात.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तमधील आलेक्झांड्रिया शहरात एरियस नावाचा एक धर्मगुरू होता. तो विरक्त वृत्तीचा, व्यासंगी आणि वक्तृत्वसंपन्न होता. त्याने शिकविण्यास आरंभ केला की, पुत्र ही पित्याची सर्वश्रेष्ठ निर्मिती असली तरी ती निर्मितीच आहे. त्याला प्रारंभ आहे आणि पिता परमेश्वर आहे त्या अर्थाने तो परमेश्वर नव्हे. ही शिकवण त्याने ग्रंथापुरती ठेवली नाही. खलाशांनी, जात्यावर काम करणाऱ्यांनी आणि वाटसरूंनी गुणगुणावी अशी गीतेही त्याने रचली, असे प्राचीन इतिहासकार सांगतो. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चुकीची शिकवण बहुधा कर्कश आवाजात येत नाही. ती गोड चालीवर येते आणि ओठांवर रुळते.

हा वाद मिटविण्यासाठी सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे महागुरूंची परिषद बोलाविली. परंपरा त्यांची संख्या ३१८ सांगते. त्यांपैकी कित्येकांनी आधीच्या छळात यातना सोसल्या होत्या. या परिषदेने पुत्र हा पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे, असा निर्वाळा दिला. रविवारच्या मिस्साबलीत आपण जो विश्वासांगीकार म्हणतो त्याचा पाया तेथे घातला गेला आणि ३८१ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला पूर्णता दिली. २०२५ साली या घटनेला १७०० वर्षे झाली. त्या निमित्ताने परमगुरू लिओ चौदावे नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानात गेले आणि निकेयाच्या भूमीवर, म्हणजे आजच्या इझ्निकमध्ये, इतर ख्रिस्ती पंथांच्या धर्मप्रमुखांसमवेत त्यांनी प्रार्थना केली.

आलेक्झांड्रियाच्या महागुरूंबरोबर त्या परिषदेला एक तरुण डीकन गेला होता. त्याचे नाव आथानासियस. तो ३२८ मध्ये स्वतः महागुरू झाला आणि या एका शब्दासाठी त्याने आयुष्य वेचले. सम्राट बदलले, दरबारातील वारे फिरले आणि एरियसच्या अनुयायांचे पारडे जड झाले. आथानासियसला पाच वेळा आपले पीठ सोडून परागंदा व्हावे लागले. सुमारे सतरा वर्षे त्याने हद्दपारीत काढली. एका शब्दासाठी एवढा हट्ट कशाला, असे त्याही काळी अनेकांना वाटले असेल. आथानासियसचे उत्तर सरळ होते: जो स्वतः निर्माण झालेला आहे, तो आपल्याला परमेश्वरापर्यंत नेऊ शकत नाही. बुडणाऱ्याला दुसरा बुडणारा वाचवू शकत नाही. क्रुसावर टांगला गेला तो जर केवळ एखादा श्रेष्ठ दूत असेल, तर परमेश्वराने आमच्यासाठी स्वतःला दिले असे म्हणता येणार नाही. त्याने दुसऱ्या कोणाला तरी पाठविले आणि आपण स्वर्गात सुरक्षित राहिला, एवढेच त्यातून निघेल.

आथानासियसचा हा मुद्दा पंडिती वादातला नाही. तो रुग्णशय्येजवळचा आहे. हे आम्हांला पुस्तकांनी सांगितले, पण पटवून दिले ते आमच्या धर्मग्रामातील एका मातेने.

तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडला. मुंबईत उपचार झाले, नोव्हेना झाल्या, साऱ्या आळीने जपमाळ म्हटली. त्याच सुमारास कोणी परिचिताने तिला एका बाहेरच्या प्रार्थनासभेला नेले. तेथील प्रवचनकाराने तिला सांगितले की, परमेश्वराची इच्छा सर्वांनी निरोगी आणि संपन्न असावे अशीच असते. विश्वास पुरेसा असेल तर आजार टिकूच शकत नाही. मुलगा दगावला. त्यानंतर तीच मंडळी तिला म्हणाली की, कुठेतरी विश्वास उणा पडला असेल, नाहीतर घराण्यात पूर्वजांचे काही पाप असेल. दोन वर्षे ही माता रविवारी मिस्साला येत असे, शेवटच्या बाकावर बसत असे आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी उठत नसे. एके दिवशी घरभेटीत तिने आम्हांला विचारले, ‘फादर, माझा विश्वास नेमका कुठं कमी पडला?’

मुलगा गमावलेल्या आईला असा प्रश्न पडावा, याचे आम्हांला अतिशय दुःख झाले. येथे ‘बाई, देवावर प्रेम करा म्हणजे पुरे’ हे वाक्य उपयोगी पडणारे नव्हते. ती देवावर प्रेम करीतच होती. आपल्यावर रागावलेल्या देवावर ती प्रेम करीत होती, आणि म्हणूनच आतून तुटत होती. तिला आधाराची गरज होती, आणि तो आधार खऱ्या शिकवणीशिवाय दुसरीकडे नव्हता.

आम्ही तिला विचारले, ‘मावशी, क्रुसाखाली कोण उभी होती?’

‘पवित्र माता मरिया,’ ती म्हणाली.

‘तिचा मुलगा वाचला नाही. मग तिचा विश्वास कमी होता काय?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिच्याशी आम्ही जन्मांधाविषयी बोललो. हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने त्याचे पाप आणि त्याच्या आईबापांचे पाप ही दोन्ही कारणे नाकारली. ईयोबाच्या मित्रांनीही हाच तर्क लढविला होता आणि अखेर परमेश्वर त्या मित्रांवरच कोपला. संत पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा मात्र मिळाली. पूर्वजांच्या पापाचा भार लेकरांवर लादण्याचा समज तर संदेष्टा यहेज्केलाने प्रभू येशूच्या कित्येक शतके आधी मोडून काढला होता. आणि या सर्वांच्या वर आम्ही तिला निकेयाची शिकवण सांगितली, निकेयाचे नाव न घेता: क्रुसावर जो तडफडला तो परमेश्वरच होता. तुमच्या मुलाच्या खाटेशेजारी जी वेदना होती, ती त्याला परकी नाही.

‘मग देव रागावला नव्हता तर,’ ती एवढेच म्हणाली.

तिचे दुःख त्या दिवशी संपले नाही आणि अजूनही संपलेले नाही. पण तिच्या माथी मारलेला अपराध उतरला. काही आठवड्यांनी ती ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी रांगेत उभी राहिली. सुशिक्षणाला ‘निरोगी’ हे विशेषण पौलाने का लावले असावे, हे आम्हांला त्या रांगेकडे पाहताना कळले.

येथे एक खुलासा करणे अगत्याचे वाटते. ख्रिस्तसभेच्या मान्यतेने चालणाऱ्या प्रार्थनामंडळांविषयी आम्हांला आदर आहे. त्यांच्यामुळे कित्येक घरांत बायबल उघडले गेले आणि कित्येकांचे व्यसन सुटले. परमेश्वर आजही रोग बरे करतो, यावर आमचा विश्वास आहे. नसता तर रुग्णाभ्यंगाचा संस्कार देताना आमचा हात थरथरला असता. आमची हरकत आहे ती रोगमुक्तीला विश्वासाची पावती मानणाऱ्या शिकवणीला. अशा शिकवणीच्या नादाने मधुमेहाच्या गोळ्या बंद केलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना आम्ही बेनसिराच्या पुस्तकातील अडतिसावा अध्याय वाचावयास सांगतो. वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आणि औषधी वनस्पतीही त्यानेच जमिनीतून उगवल्या, असा त्या अध्यायाचा आशय आहे. प्रार्थना आणि औषध यांच्यात तेथे भांडण नाही.

उलट बाजूचीही एक गोष्ट सांगावयास हवी. शिकवण म्हणून मिरविणारी प्रत्येक कठोर समजूत ही ख्रिस्तसभेची शिकवण असतेच असे नाही. स्नानसंस्कारापूर्वीच दगावलेल्या तान्ह्या बाळांचा आत्मा स्वर्गाच्या बाहेर एका वेगळ्या ठिकाणी अडकून राहतो, असे आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. कितीतरी आया हे शल्य उरात घेऊन थडग्यात गेल्या. वस्तुतः हे काही ईशज्ञानींचे मत होते. विश्वासाचा सिद्धांत म्हणून ख्रिस्तसभेने ते कधीच घोषित केले नव्हते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात अशा बालकांना परमेश्वराच्या करुणेच्या हाती सोपविले आहे आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगावयास सांगितले आहे. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या आशेचा सविस्तर ऊहापोह केला. १९८३ च्या कॅनन लॉनुसार, ज्या बालकाला स्नानसंस्कार देण्याचा आईबापांचा मानस होता, त्याला महागुरूंच्या अनुमतीने ख्रिस्ती अंत्यविधीही देता येतो. म्हणजे येथे कठोर होती ती ऐकीव समजूत, आणि सांत्वन करणारी होती ती शुद्ध शिकवण. शिकवणीचा नीट अभ्यास केला की माणूस कोरडा होतो असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

तरीही कोरडेपणाचा धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. सिद्धांत अचूक आणि अंतःकरण थंड, अशी माणसे प्रत्येक धर्मग्रामात असतात, आणि धर्मगुरूनिवासातही असू शकतात. प्रीती नसली तर सर्व ज्ञान व्यर्थ, हे ज्या पौलाने करिंथकरांना बजावले त्यानेच सुशिक्षणाचाही आग्रह धरला. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे उद्घाटन करताना परमगुरू तेविसावे जॉन यांनी दोन गोष्टी एकाच भाषणात सांगितल्या. विश्वासाची ठेव अखंड राहिली पाहिजे, मात्र ती मांडण्याची रीत काळानुसार बदलू शकते; आणि आजच्या काळात ख्रिस्तसभा कठोरतेपेक्षा दयेचे औषध वापरणे पसंत करते. पुन्हा ‘औषध’ हाच शब्द! औषध मात्र अस्सल हवे. भेसळीचे औषध कितीही मायेने पाजले तरी रोगी बरा होत नाही.

ही ठेव आपल्या मायबोलीत ज्यांनी आणली त्यांचे स्मरण येथे केलेच पाहिजे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि चाळीस वर्षे साष्टीच्या परिसरात राबून १६१९ मध्ये येथेच निवर्तले. लोकांच्या बोलीत त्यांनी प्रश्नोत्तररूपाने धर्मशिक्षणाचे पुस्तक रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापले गेले. पण त्यांची खरी कीर्ती ‘ख्रिस्तपुराणा’मुळे आहे. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभीच कवीने आपल्या लेखनाचे निमित्त सांगितले आहे. देवळात धर्मशिक्षण चालत असे; ते ऐकणाऱ्या नवख्रिस्ती श्रोत्यांनी पाद्रीबाबांना विनविले की, जुन्या पुराणांच्या जागी आम्हांला वाचावयास, गावयास काही द्या. त्या विनंतीत फार शहाणपण होते. लोकांना शिकवण नको होती असे नाही. ती त्यांना ओवीत हवी होती. एरियसने गीतातून खारे पाणी पाजले होते, तर फादर स्टीफन्स यांनी ओवीतून गोडे पाणी पाजले. गाणे हे दोघांच्याही हातातील भांडे होते. प्रश्न भांड्यात काय आहे याचा होता.

वसईच्या ख्रिस्ती समाजालाही एक कठीण काळ पाहावा लागला. १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला आणि परदेशी धर्मगुरू निघून गेले. मोजक्या एतद्देशीय धर्मगुरूंवर विस्तीर्ण प्रदेशाचा भार पडला. त्या काळात आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेला घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेचा मोठा आधार होता. जपमाळेच्या प्रारंभी प्रेषितांचा विश्वासांगीकार असतो, हे वाचक जाणतातच. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही तो ओठांवर जपला आणि पुढल्या पिढीच्या ओठांवर ठेवला. पानवेलीला पांगाऱ्याचा आधार असतो, तसा त्यांच्या भक्तीला या थोड्याशा शब्दांचा आधार होता. आधारावाचून वेल जमिनीवर पसरते खरी, पण तिला पाने धरत नाहीत.

आज आपल्याकडे धर्मगुरूंची, पुस्तकांची वा प्रवचनांची उणीव नाही. खिशातल्या फोनवर शंभर प्रवचनकार दिवसरात्र बोलत आहेत. मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठविले, प्रथम ख्रिस्तशरीर आणि दृढीकरण झाले, की आईबाप सुटकेचा श्वास टाकतात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी थांबलेले ते धर्मशिक्षण मग आयुष्यभर पुरवावयाचे असते. नोकरी जाते, लग्न मोडते, रोग येतो, मृत्यू येतो, आणि बालवर्गातले कपडे अंगात शिरत नाहीत. अशा वेळी माणूस जे हाती लागेल ते पांघरतो.

म्हणून आमची वाचकांना हात जोडून विनंती आहे. धर्मशिकवणीचा ग्रंथ घरात असू द्यावा, आणि तो कपाटाची शोभा म्हणून नव्हे. रात्रीच्या प्रार्थनेनंतर एखादा परिच्छेद मुलांसमवेत वाचावा. कळले नाही तर विचारावे; धर्मगुरूला प्रश्न विचारणे हा त्याचा अवमान नसून त्याची नेमणूकच त्यासाठी आहे. एखादी नवी शिकवण कानांवर आली की ती देणाऱ्याच्या आवाजाला वा गर्दीला भुलू नये. ती क्रुसाजवळून जाते की क्रूस चुकवून जाते, हे पाहावे. ती गरिबाला आणि आजाऱ्याला जवळ घेते की अपराधी ठरविते, हे पाहावे. सतराशे वर्षे विश्वासांगीकार म्हणत आलेल्या ख्रिस्तसभेशी तिचा सूर जुळतो की नाही, हेही पाहावे.

आणि येत्या रविवारी प्रवचन संपल्यावर आपण उभे राहू, तेव्हा विश्वासांगीकार घाईने उरकू नये. त्यातील एकेका शब्दासाठी कोणीतरी घरदार सोडले आहे, कोणीतरी देशोधडीला लागला आहे. हे शब्द सावकाश उच्चारावेत, कारण एक ना एक दिवस आपल्यापैकी प्रत्येकाला त्यांच्याच आधाराने उभे राहावयाचे आहे.